तीन सूत

गावाचं नाव प्राइस, त्यामुळे विनोद ठरलेला:
"प्राइसमध्ये प्राइस काय?"
मी फोन कानाशी धरून हसते, रोज नव्यानं,
कारण हसणं फुकट आहे आणि पोलाद नाही.
पुढचा बंपर चौदाशे, विंचची बैठक धरून सतराशे,
रंग भट्टीत भाजून हवा तर त्याचे वेगळे.
स्वस्तातले खोक्यातून येतात, समुद्रापलीकडून.
ते घ्या, मी म्हणते,
एल्क आडवा आला की मग इकडे या.

मागे थेन. त्याला किंमत विचारू नये.
तो फरशीला पाठ टेकून गाडीखाली,
चासीची टोकं मोजतो, पुठ्ठ्यावर लिहितो,
खोडतो, पुन्हा मोजतो.
ठिणग्यांनी जळून जळून
त्याच्या मनगटांवर केस उगवायचे थांबलेत.

मॅनोल कलाफातिस आला तेव्हा ऑक्टोबर होता.
कोळशाच्या खाणीतून निवृत्त, डावा कान बहिरा,
सत्त्याऐंशीची पिकअप, हिरवी.
"हिला कुठलाच बंपर सरळ बसत नाही," म्हणाला,
"बायको गाडी शिकत होती, तेव्हाचं आहे ते."
थेन खाली गेला. बराच वेळ नुसती टॉर्च हलत राहिली.
चासीची डावी बाजू तीन सूत मागे.
ओढून सरळ करून देतो, तासाभराचं काम.
मॅनोल म्हणाला, नको.
तेवढं राहू दे.

मग आयुष्यात पहिल्यांदा थेननं गुण्या बाजूला ठेवला
आणि बंपर वाकडा केला, मुद्दाम,
इतक्या निगुतीनं वाकडा
की टेबलावर बघताना मला गरगरायचं.
विसार तीनशे. माझ्या वहीत आहे, निळ्या शाईत.

न्यायला कुणी आलं नाही.
फोन वाजत राहिला, मग वाजेनासा झाला,
मग वर्तमानपत्रात फोटो आला, टाय घातलेला.

सहा वर्षं बंपर भिंतीला टेकून.
गिऱ्हाइकं विचारत. मी दोनदा विकायलाही निघाले;
मला दुकानाचा हप्ता दिसतो, मी काय करू.
एकदा एका पोराच्या गाडीला लावून पाहिला,
तर गाडी अर्ध्या तोंडानं हसतेय असं वाटलं.
पोरगं म्हणालं, मिस्त्री प्यायला होता का?
थेननं तो उतरवला, जागेवर नेऊन ठेवला,
आणि दर वसंतात तेलाचा फडका फिरवत राहिला,
परक्याच्या घोड्याला खरारा करावा तसा.

परवा मंगळवारी ब्रिन्ली नावाची मुलगी आली.
व्हर्नलहून घेतलेली जुनी गाडी,
तीन दुकानांचे तीन बंपर, तिन्ही तिरके,
पैसे परत मागून मागून आवाज बसलेला.
"बंपरात खोट नाही," थेन गाडीखालून म्हणाला.
मग काहीच म्हणाला नाही.
बाहेर आला तो गुडघेही न झटकता
तडक भिंतीकडे गेला.

गाडी आता पांढरी होती.
दाराच्या सांध्यात नखाएवढा हिरवा.

सहा बोल्ट. मी हातोडा घेऊन उभी होते,
नेहमी एखादा अडतोच.
एकही अडला नाही. बोटांनीच आत गेले,
मुकाट, ओळखीच्या घरात शिरावं तसे.
मुलगी चार पावलं मागे सरली. डोकं कललं तिचं,
मग सरळ झालं.
"पण माप तर तुम्ही आत्ता घेतलंत!"
थेन चिंधीला हात पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही. बोलणं माझ्याकडे.

वही काढली. तेव्हाचा भाव अकराशे,
तोच लावला, थेन बघत होता म्हणून.
त्यातून तीनशे वजा.
"हे तीनशे कसले?"
विसार आलेला आहे, मी म्हटलं,
आणि पावतीवर तारीख घातली, रक्कम घातली.
नावाच्या रेघेवर
पेन जरा अडलं.